सोनं कमी, घडणावळच जास्त

दिवाळीच्या आधी बायकोच्या जुन्या पाटल्या मोडून नव्या करायला सराफ बाजारात गेलो होतो. जळगावात सराफाकडे जायचं म्हणजे तासभर धरूनच चालायचं, चहा येतो, दोन-चार ओळखीचे निघतात, पोरीच्या लग्नाचं कुठपर्यंत आलं वगैरे होतं आणि मग शेवटी बिल हातात पडतं. वजन इतकं, आजचा भाव इतका, घडणावळ इतकी, जीएसटी ३ टक्के, जुन्याची मोड वजा. आकडा बघून छातीत धडधडलं ते सोडा, पण पैसा कुठं कुठं गेला ते तरी कागदावर दिसलं. आणि त्याच संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन. मामा, एक रोड बाईक, म्हणजे रेसिंगची सायकल बघितलीये, लिंक टाकलीये, सांगा घेऊ का. लिंक उघडली तर साडेचार लाख. मी म्हटलं शून्य जास्तीचं पडलं का रे, तर म्हणतो नाही मामा, ही तर मिडल रेंज आहे, टॉपची अकरा-बारा लाखाला जाते.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय, सायकलवाल्यानं पण सराफासारखं बिल फोडून दिलं असतं तर त्यात काय काय दिसलं असतं?

माझं मोटारपंपाच्या स्पेअरचं दुकान आहे. बेअरिंग, सील, इम्पेलर, कपॅसिटर, स्टार्टरचं सामान. गिऱ्हाईक सगळं चोपडा, यावल, रावेर, धरणगावकडचं. भाव कसा बनतो, मधला माणूस किती खातो, कंपनी कुठं फसवते, हे गल्ल्यावर बसून बसून थोडंफार शिकलोय. आणि २०१८ पासून सायकल चालवतो, सकाळी पाचला निघायचं आणि उन्हाळ्यात साडेसातच्या आत घरी, नाहीतर मे महिन्यातलं जळगाव काय असतं ते सांगायला नको. माझी सायकल ऍल्युमिनियमची, शिमानोच्या स्वस्तातल्या क्लॅरिस संचाचे मागं आठ गियर, ४२ हजाराला घेतली तेव्हा घरात तीन दिवस अबोला होता. पाळधीच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो होतो तर एका बाबांनी सायकल एका हातानं उचलून बघितली आणि विचारलं, "भाऊ, हाई कितलानी शे?" खरं सांगायची हिंमत झाली नाही, पंधरा हजार म्हटलं. तर म्हणे, "पंधरा हजार? अन् स्टँड बी नही!"

आता त्या बाबांना बारा लाखाची सायकल कशी समजावायची. त्यांचा पहिला प्रश्न तोच असणार जो सगळ्यांचा असतो, मोटारसायकल ऐंशी हजाराला येते, तिला इंजिन आहे, मग बिनइंजिनाची सायकल तिच्या पंधरापट कशी. याचं उत्तर मात्र सोपं आहे आणि ते दुकानदाराला पटतं. स्प्लेंडर १९९४ पासून विकली जातेय, कंपनी वर्षाला ५० लाखाच्या वर दुचाक्या विकते, साच्याचा, डिझाइनचा, मशिनरीचा खर्च एकेका गाडीवर वाटला की चिल्लर उरते. उलट टॉपच्या कार्बन फ्रेमचे सहा-सात साइझ असतात, प्रत्येक साइझला वेगळा साचा, आणि तीन-चार वर्षांत मॉडेल बदललं की ते साचे भंगारात. आणि गिऱ्हाईक जगभरात मिळून मोजकं.

कार्बन म्हटलं की लोकांना वाटतं आत कुठंतरी रोबोट बसलाय. तसं काही नाही. राळेत भिजवलेल्या कार्बनच्या कापडाचे शेकडो तुकडे, प्रत्येकाचा धागा कोणत्या दिशेला पाहिजे ते ठरलेलं, आणि ते एकावर एक हातानं बसवतात. तैवान, चीन, व्हिएतनाममधल्या कारखान्यांत, कितीतरी ठिकाणी बायाच बसवतात. मग साचा बंद, भट्टी, घासकाम, रंग. स्पेशलाइज्ड ह्या अमेरिकन कंपनीची एस-वर्क्स टारमॅक एसएल८ म्हणून २०२३ मध्ये आली, अमेरिकेत पूर्ण सायकल १४ हजार डॉलर, तिची फ्रेम फक्त ६८५ ग्रॅमची. पाऊण किलोसुद्धा नाही. कच्चा कार्बन उंचातला धरला तरी किलोला काही हजार रुपये, म्हणजे सोनं म्हणाल तर त्यात जवळजवळ नाहीच, जे आहे ते हात. आमच्याकडं मांडे करणारी बाई असते ना, खापरावर मांडा टाकायच्या आधी मनगटावर फिरवत पार कोपरापर्यंत नेते, तिला कोणी गव्हाचा भाव विचारत नाही. ह्या मजुरीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट त्या बायांना त्यातले किती मिळतात ते कंपन्यांनी सांगितलं तर बरं होईल.

पण हे काम हातानं २००५ मध्येपण व्हायचंच की. मग तेव्हापेक्षा भाव असा का फुगला? इथं खरी गंमत सुरू होते.

वजनापासून बघा. १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्स ह्या रेसरनं मेक्सिको सिटीत तासाभराचा विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटर, ती सायकल पावणेसहा किलोची होती, पोलादाची, वजन कमी करायला चेनलासुद्धा भोकं पाडलेली. पुढं २००० मध्ये यूसीआयनं, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेनं, नियम केला की शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही, आणि कार्बन सर्रास झाल्यावर तो आकडा गाठणं सोपं झालं. २०१४ मध्ये ट्रेक कंपनीनं एमोंडा काढली, ४.६५ किलोची, दुकानात विकायला ठेवलेली. किंमत साडेपंधरा हजार डॉलरच्या वर. म्हणजे महाग सायकल तेव्हापण होतीच, खोटं कशाला बोला, पण ती हौशी माणसाची नवलाईची चीज होती, शोकेसमधली. मग डिस्क ब्रेक आले, २०१८ पासून रोड रेसमध्ये कायमची परवानगी मिळाली. रोटर, कॅलिपर, तेलाचे पाइप, जाड एक्सल, त्यावर हवा कापणाऱ्या चपट्या नळ्या, खोल रिमा. वजन वाढलं. आता ते वाढलेलं वजन परत ६.८ वर आणायचं तर आणखी उंची कार्बन, आणखी महाग चाकं, टायटॅनियमचे बोल्ट. आधी वजन घातलं आणि मग उतरवायचे पैसे घेतले, दुकानदार म्हणून मला ह्या आयडियेचं कौतुकच वाटतं. २०२० ची टूर द फ्रान्स पोगाचारनं जिंकली ती साध्या रिम ब्रेकच्या सायकलवर, विसरू नका. आणि दोन-चार वर्षांत टॉपच्या कॅटलॉगमधून रिम ब्रेक जवळजवळ गायब.

डिस्क वाईट आहे असं मी म्हणत नाही. कन्नडहून चाळीसगावकडं औट्रम घाट उतरताना, पुढं मक्याचा ट्रक, मागं एसटी, आणि रस्ता ओला, तेव्हा डिस्कवाला मित्र दोन बोटांनी ब्रेक दाबत निवांत उतरत होता आणि माझे दोन्ही हात आखडले होते. ते मान्य. पण खान्देशात पावसाचे दिवस किती आणि घाट किती. बाकी वर्षभर आम्ही सपाट रस्त्यावर धूळ खात चालवतो.

हवेचं तसंच. २०१३ मध्ये स्पेशलाइज्डनं स्वतःची विंड टनेल, म्हणजे वारा सोडून सायकल तपासायचा बोगदा, बांधली, बाकीचे कुठं भाड्यानं घेतात, एकेका नळीचा आकार महिनोन्‌महिने तपासतात, तो सगळा खर्च कुठल्यातरी फ्रेमवर येऊन बसणारच ना. जाहिरातीत लिहितात इतके वॅट वाचले, बारीक अक्षरात बघा, ताशी ४५ च्या वेगाला. आमचा ग्रुप २६-२७ नं जातो, त्यात अर्धा वेळ बोलण्यात. शिवाय हवेला जो अडथळा होतो त्यातला पाऊण हिस्सा तर आपल्या देहाचाच असतो, सायकलचा उरलेला, म्हणजे पोट आत घेतलं तरी काही वॅट वाचतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. खरं म्हणजे विंड टनेल आमच्याकडं फुकट आहे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला या, उगाच नाही तिथं पवनचक्क्यांचं रान उभं केलंय. जूनमध्ये तिथं समोरून वारा घेऊन पंधराच्या वेगानं जरी चालवली तरी कोणतीही फ्रेम सारखीच वाटते.

मग बॅटरी. शिमानोनं आपल्या सगळ्यात वरच्या ड्युरा-एस संचाचे इलेक्ट्रॉनिक गियर २००९ मध्ये काढले, स्रामचे बिनवायरचे २०१५ मध्ये आले, तोपर्यंत ज्याला हवं तो घेत होता, बाकीचे जुन्या, हातानं ओढायच्या वायरवर खूश. २०२१ मध्ये शिमानोनं नवी ड्युरा-एस आणि तिच्याखालची अल्टेग्रा काढली ती फक्त बॅटरीवालीच, वायरची निवडच ठेवली नाही. पुढच्या वर्षी १०५ आली, सर्वसामान्य रायडरचा भरवशाचा ग्रुपसेट, म्हणजे गियर-ब्रेक-क्रँकचा अख्खा संच, समजतात तो, तोपण आधी बॅटरीचाच, वायरवाला बारा गियरचा १०५ यायला २०२३ उजाडलं. शिफ्टिंग भारी आहे, एकदा वापरलं की मागं जावंसं वाटत नाही हेही खरं. पण मागितलं कोणी होतं? आणि मुळात हाय-एंड ग्रुपसेट बनवणारे जगात तीनच मोठे, जपानची शिमानो, अमेरिकेची स्राम, इटलीची कॅम्पाग्नोलो, त्यातही तिसऱ्याचं दुकान लहान. कापसाला दोनच व्यापारी असले की गावात काय भाव मिळतो ते आम्हाला कोणी शिकवायला नको.

ह्या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे जी फार कमी लोक बोलतात. यूसीआयचा नियम असा की शर्यतीत वापरायचं सामान बाजारात विकत मिळणारं पाहिजे. फॉर्म्युला वनची गाडी तुम्ही-आम्ही घेऊ शकत नाही, पण टूर द फ्रान्स जिंकलेली सायकल पैसे टाकले की घरी येते, तीच फ्रेम, तीच चाकं, तोच ग्रुपसेट. हे सुंदरच आहे एका अर्थी. पण म्हणूनच पन्नाशीतला डॉक्टर, बिल्डर, आयटीवाला ह्यांना कळलं की जगातली एक नंबरची चीज अशी आहे जी आपल्या आवाक्यात आहे. बारा लाखात जगातली एक नंबरची गाडी येत नाही, घड्याळ येत नाही, सायकल येते. आणि हे कंपन्यांच्याही लक्षात आलं. २०१६ मध्ये पिनारेलो ही इटलीची सायकल कंपनी ज्या फंडानं घेतली त्याच्या मागं एलव्हीएमएच आहे, पर्स, अत्तर, शॅम्पेन विकणारी मंडळी. २०२० मध्ये कोल्नागो ह्या दुसऱ्या इटालियन सायकल कंपनीचा मोठा हिस्सा अबूधाबीच्या गुंतवणूकदारांनी घेतला. पर्स विकणाऱ्यांना सायकलीत काय दिसलं असेल? त्यांना दागिना दिसला. आणि दागिन्याचा भाव खर्चावरून ठरत नसतो, गळ्यात घालणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरतो.

फुले मार्केटला साडी घ्यायला गेला असाल तर दुकानदार आधी तीस हजाराचा शालू अंगावर टाकून दाखवतो. तुम्ही घेणार नाही हे त्याला माहीत असतं. पण त्यानंतर बारा हजाराची साडी स्वस्त वाटते की नाही? माझ्या भाच्याचं नेमकं तेच झालंय. बारा लाखाची बघून झाल्यावर साडेचार लाखाची त्याला मिडल रेंज वाटतेय. मिडल!

कोरोनाचं पण बोललं पाहिजे. २०२० ला जिम बंद, रस्ते मोकळे, जगभर सायकलींवर उड्या, माल नाही, चेन-कॅसेटला महिनोन्‌महिने वेटिंग, भाव चढले. मग कंपन्यांनी ऑर्डरी दुप्पट टाकल्या आणि २०२३ पर्यंत गोडाऊनं तुंबली, विगल-चेन रिॲक्शनसारखं इंग्लंडातलं मोठं ऑनलाइन दुकान दिवाळखोरीत गेलं. केळीचा माल एकदम आला की रावेरात जे होतं तेच. फरक इतकाच की आमच्याकडं आवक वाढली की शेतकऱ्याचा भाव पडतो, तिकडं पडला तो शिल्लक मालाचा, टॉपच्या नव्या मॉडेलची छापील किंमत काही फार खाली आली नाही.

आणि शेवटी माल इथं येतो. आयात केलेल्या अख्ख्या सायकलवर सीमाशुल्क तीस टक्क्यांच्या वर, त्या फुगलेल्या रकमेवर जीएसटी, तो निदान सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ वर आला, मग आयातदार, मग डीलर. २०१४ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, आता पंच्याऐंशीच्या वर, म्हणजे तिकडं एक डॉलरसुद्धा वाढवला नाही तरी इकडं चाळीसेक टक्के आपोआप. अनेक जण सगळा दोष टॅक्सला देतात, मला ते पटत नाही, टॅक्स काढून टाकला तरी बाराचे साडेआठ होतील, पण साडेआठ लाख म्हणजे तरी काय कमी झाले? मात्र एक आहे, ह्या शुल्कानं रक्षण कोणाचं होतं तेही कळत नाही. लुधियानात साध्या सायकली लाखोंनी बनतात, तिथला कारखाना ६८५ ग्रॅमची फ्रेम बनवत नाही, त्यामुळे त्याच्या पोटावर पाय येत नाही. सरकारनं निदान सुट्या पार्टवरचं तरी शुल्क उतरवावं, चेन, कॅसेट, ब्रेक पॅड, टायर, बेअरिंग. अख्खी सायकल श्रीमंत घेतो पण पार्ट सगळ्यांनाच लागतात.

पार्टवरून मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण इतका वेळ जो हिशोब केला तो फक्त विकत घेतानाचा.

माझ्या दुकानात १९९० च्या आसपासच्या मोटारी येतात दुरुस्तीला. कंपनी बंद पडलेली, मालक वारलेला, नेमप्लेट घासून गेलेली. उघडली की आत बेअरिंग ६२०५. नंबर सांगा आणि घेऊन जा, जळगावात मिळेल, चोपड्यात मिळेल, नंदुरबारला मिळेल, कोणत्याही कंपनीचं बसेल. केळीला पाणी भरायचं असताना मोटार बंद पडली आणि मी शेतकऱ्याला म्हटलं की भाऊ, ह्या मोटारीला हिच्याच कंपनीचं बेअरिंग लागतं, तैवानहून यायला सहा आठवडे, तर तो मला तिथंच झोडपेल. आणि बरोबर करेल.

आता सायकलचं घ्या. वडिलांची ॲटलस होती, दर दिवाळीला निंबाखाली ओव्हरहॉलिंग, परातीत घासलेट, त्यात छर्रे, कटोऱ्या, वायसर, एक छर्रा हरवला तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून चार आण्यात दोन. तो छर्रा हीरोला, हर्क्युलिसला, सगळ्यांना चालायचा. आज पायडलच्या मधल्या बेअरिंगचेच, ज्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, किती प्रकार: बीबी३०, पीएफ३०, बीबी८६, बीबीराइट, टी४७, आणि ह्यातल्या प्रत्येकाला स्टँडर्ड म्हणतात! दाबून बसवायच्या कटोऱ्या आल्या, कंपनीला बनवायला सोप्या, आणि लोकांच्या दोन-दोन लाखाच्या सायकली चढाला बैलगाडीसारख्या कुरकुरायला लागल्या. इतकी बोंब झाली की स्पेशलाइज्डनं २०२० च्या टारमॅकमध्ये गुपचूप जुन्या आट्याच्या कटोऱ्या परत आणल्या, आणि तेच नवीन फीचर म्हणून विकलं.

ब्रेकचे पाइप आता हँडलमधून, हँडल धरणाऱ्या दांड्यातून म्हणजे स्टेममधून, आणि हँडल ज्यावर फिरतं त्या हेडसेटच्या बेअरिंगच्या आतून जातात. दिसायला एकदम साफ, फोटो छान येतात. पण हेडसेटचं वरचं बेअरिंग बदलायचं, पूर्वीचं अर्ध्या तासाचं काम, त्याला आता कित्येक मॉडेलांत ब्रेकचे पाइप सोडा, बेअरिंग बदला, पाइप परत ओवा, तेल भरा, हवा काढा. कंबर दुखते म्हणून स्टेम दोन सेंटिमीटरनं बदलायचा तरी तोच तमाशा. आमच्याकडची धूळ आणि काळी माती माहितीये ना, बेअरिंग इथं युरोपाइतकं टिकत नाही. आणि ट्यूबलेसमधलं सीलंट उन्हाळ्यात बघता बघता वाळून जातं, बाभळीचा काटा घुसला की कळतं. हायवेचा पंक्चरवाला टायर उघडून विचारतो यात ट्यूब कुठं गेली भाऊ.

भुसावळचे एक डॉक्टर आमच्याबरोबर येतात. त्यांची सायकल कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, सात लाखाच्या पुढची आहे इतकं पुरे. अजिंठ्याच्या रस्त्यावर थांबलेलो असताना वाऱ्यानं सायकल पडली, उजव्या बाजूवर, तीपण उभ्या उभ्या. मागचा गियर ज्याला लटकतो तो हँगर वाकला, सरळ करायला गेले तर तुटला. ऍल्युमिनियमचा बोटभर तुकडा. तो मुद्दाम नाजूक असतो, फ्रेम वाचावी म्हणून, ते बरोबरच आहे. पण त्या मॉडेलचा तो तुकडा मुंबईला नाही, बंगळुरूला नाही, मागवून देतो म्हणाले. सात आठवडे सायकल दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी. डॉक्टर सात आठवडे पोराची जुनी गियरवाली घेऊन यायचे, आणि खरं सांगू का, आमच्या वेगात तसूभर फरक पडला नाही.

म्हणून मी म्हणतो की ह्या सायकली महाग झाल्या हे अर्धंच बोलणं आहे. सोन्यात घडणावळ गेली तरी सोनं उरतं, मोडायला नेलं की भाव मिळतो. सायकलीत सोनंच नाही, सगळी घडणावळ, आणि ती घडणावळसुद्धा अशी की दुसऱ्या सोनाराला उघडता येणार नाही. एकदा घेतली की पुढची दहा वर्षं त्याच पेढीच्या पायऱ्या चढायच्या, आणि तीन वर्षांत त्यानं डिझाइन बदललं की तुमच्या दागिन्याचा फासा मिळणं बंद. भाव म्हणजे टिकाऊपणा असंही नाही. २०२३ मध्ये खुद्द शिमानोला २०१२ ते २०१९ मधल्या ड्युरा-एस आणि अल्टेग्राच्या क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, तपासणी जाहीर करावी लागली, चिकटवलेले दोन भाग सुटत होते म्हणून, एकट्या अमेरिका-कॅनडातच साडेसात लाखांच्या वर क्रँक.

आता लोक म्हणतील तुला कोणी सांगितलं घ्यायला, श्रीमंतांचा शौक आहे, त्यांचं ते बघतील. ग्रुपवर एकानं मला हेच ऐकवलं. ठीक आहे, बारा लाखवाल्यांचं मला काही पडलेलं नाही. पण वर जे ठरतं ते पाच वर्षांत खाली झिरपतं. आत ओवलेले पाइप आता दीड-दोन लाखाच्या सायकलीतपण यायला लागलेत, तिथं त्याचा उपयोग शून्य आणि ताप पूर्ण. पूर्वी पोरगं साधी फ्रेम घ्यायचं, पुढच्या वर्षी कोणाची तरी जुनी चाकं, मग बोनसमध्ये ग्रुपसेट, जसं आपण घराला एकेक खोली काढत जातो तसं. आता एकाचं दुसऱ्याला बसत नाही, घ्यायची तर अख्खी घ्या. शहाद्याच्या, साक्रीच्या एखाद्या पोराला खरंच शर्यतीत उतरायचं असेल तर त्यानं सुरुवात कुठून करायची? सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलीवर रोज शाळेत जाणाऱ्या पोरी बघतो मी, दप्तर, मागं मैत्रीण, समोरून वारा, आणि तरी मला ओव्हरटेक करतात. त्यांच्यातल्या एखादीच्या पायात काय दम आहे हे कधी कोणाला कळणारच नाही.

दोष आपलापण आहे बरं का. नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की नाव विचारायच्या आधी कोणत्या ग्रुपसेटवर आहे ते विचारतात. मीपण विचारलंय. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, २०० किलोमीटरच्याला साडेतेरा तास मिळतात, माझी क्लॅरिसवाली बारा तासांत आली, जेवण, शेवभाजी, दोनदा चहा धरून. तरी शेवटी फोटो काढताना माझी सायकल मागं आणि कार्बनवाल्यांच्या पुढं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठेवली.

घडणावळ कमी होऊ शकते हे मात्र दिसायला लागलंय. २०२४ मध्ये डेकॅथलॉननं आपल्या व्हॅन रायझेलच्या सायकली थेट टूर द फ्रान्सच्या टीमला दिल्या, आणि त्याच तोडीच्या इतर सायकलींपेक्षा भाव बराच खाली ठेवला. २०२५ पासून चीनची एक्सडीएस ही सायकल कंपनी अस्ताना ह्या रेसिंग टीममागं उभी आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाच्या सायकली बनवून देणारे आता स्वतःच्या नावानं विकायला निघालेत, जायंटनं तैवानात तेच केलं होतं. हँगरचंपण स्रामनं २०१९ मध्ये एक यूडीएच म्हणून काढलाय, कोणत्याही कंपनीनं वापरावा असा, आधी माउंटन बाईकला आला, आता रोडलापण यायला लागलाय. म्हणजे सायकलींनापण ६२०५ करता येतो, करायची इच्छा पाहिजे.

भाच्याला मी घेऊ नको म्हटलं नाही. त्याचा पगार आहे, त्याची हौस आहे, आणि मामानं नाही म्हटलं म्हणून कोण ऐकतं. इतकंच सांगितलं की डीलरला फोन लाव आणि विचार, बॉटम ब्रॅकेट आट्याचा आहे का, हेडसेटचं बेअरिंग पाइप न सोडता निघतं का, हँगर यूडीएच आहे का, नसला तर आत्ताच दोन जास्तीचे बिलात लिहून दे. परवा त्याचा फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांना डीलरनं कंपनीला विचारून सांगतो म्हटलं. तिसऱ्याला म्हणाला, सर, तुम्ही सायकल घ्यायला आलाय की दुकान टाकायला?

भाचा अजून बघतोय. मधल्या काळात कोथरूडमध्ये कोणाची तरी २०१६ ची रिम ब्रेकवाली मिळतेय म्हणे, सत्तर हजारात, आट्याच्या कटोऱ्या आहेत. फोटो पाठवलाय, चेन घासलेली दिसतेय, तेवढे हजार-दीड हजार कमी करून माग म्हटलंय.